हो म्हणू नका, वाचून दाखवा

आमच्या व्हीसीच्या खोलीत अठरा खुर्च्या होत्या आणि भाऊ कायम अठराव्या खुर्चीवर बसायचे. व्हीसी सुरू व्हायच्या अर्धा तास आधी ते चष्मा काढून खिशात ठेवत, खुर्ची मागच्या भिंतीला टेकवत आणि समोरच्या टीव्हीवर लावलेला तक्ता वाचायला घेत. डोळे बारीक करायचे नाहीत, हा त्यांचा स्वतःपुरता नियम होता. "डोये बारीक केले का सारंच दिसते मॅडम. पन दोन तास कोन डोये बारीक करून बसते?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात मी आकडेवारीचं काम बघते. दर मंगळवारी तालुक्यातल्या सगळ्या आरोग्य केंद्रांचा आणि उपकेंद्रांचा आढावा व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर, होतो. आम्ही इथून पडद्यावर तक्ता लावतो, तिकडून डॉक्टर आणि सिस्टर उत्तरं देतात. तो पडदा सांभाळायचं काम भाऊंचं होतं. ‘स्क्रीन शेअर’ हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. पडदा लावला, पडदा काढला, पडदा फाटला. नेटवर्क गेलं की पडदा फाटलेला असायचा.

भाऊंच्या सेवापुस्तकात एक ताकीद लिहिलेली आहे. तिच्यामागची चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझी बाजू घेऊ नये.

भाऊ मूळचे आरोग्य खात्याच्या सिनेमागाडीवरचे. वणीपासून उमरखेडपर्यंत गावोगाव जाऊन, दिवेलागणीनंतर दोन बांबूंना पांढरं कापड ताणून हगवण, हिवताप, लसीकरण यांच्या फिती दाखवायच्या, हे त्यांचं काम. मशीन सुरू करून दिलं की ते तिथं थांबत नसत. गर्दीच्या कडेकडेनं चालत थेट शेवटी जाऊन, सगळ्यात मागं बसलेल्या माणसाशेजारी उकिडवे बसत. तिथून नीट दिसलं नाही तर परत येऊन मशीन बंद करत, कापड हलवत, पुन्हा सुरू करत. लोक ओरडायचे. भाऊ म्हणायचे, "शेवटच्या बुढीले दिसलं पाह्यजे. पुढच्याले तं मी पडदा नाही लावला तरी दिसते."

ही शेवटची बुढी खरोखरची होती. एका गावात पुढे जागा नव्हती म्हणून एक म्हातारी पडद्याच्या मागच्या बाजूला जाऊन बसली. कापड पातळ, तिला तिकडूनही चित्र दिसत होतं. फीत संपल्यावर भाऊंनी सवयीप्रमाणे विचारलं, "बुढे, दिसलं का?" ती म्हणाली, "दिसलं ना बाप्पा." भाऊ निघालेच होते, पण काय वाटलं कोण जाणे, त्यांनी विचारलं, "काय दिसलं थे सांग." म्हातारीनं सगळं सांगितलं. साखर किती, मीठ किती, पाणी उकळलेलं. आणि शेवटी म्हणाली, "पन थे बाई डाव्या हातानं काहून पाजते लेकराले? चांगल्या घरची दिसते."

हा किस्सा सांगून भाऊ आधी हसायचे, मग म्हणायचे, "तिनं खोटं नाही सांगतलं मॅडम. तिले तसंच दिसलं. आपुन विचारलं नसतं तं आपल्याले समजलंही नसतं, का तिले उलटं दिसून राह्यलं."

गाडी भंगारात गेली तेव्हा भाऊंना आमच्या कार्यालयात आणून बसवलं. काही वर्षं त्यांना कामच नव्हतं. जिन्याखालच्या टेबलाशी बसून ते जुन्या फितींचे रिकामे डबे पुसायचे. मग व्हीसी आली आणि कुणाला तरी आठवलं की पडद्याचा माणूस आपल्याकडे आहे.

त्यांनी पहिल्या महिन्यात खोलीचं काय काय केलं ते माझ्या वहीत आहे, कारण मंजुरीच्या टिपण्या मीच लिहिल्या. टीव्ही छताजवळ टांगला होता, तो दोन हात खाली आणला. पडद्यावर पडणारी ट्यूबलाइट काढायला लावली. खिडकीला काळा पडदा हवा होता. त्याला मंजुरी मिळाली नाही, तेव्हा घरून जुन्या छत्र्यांचं कापड आणून स्वतः शिवलं. त्या पडद्याला छत्रीच्या काड्यांची भोकं होती. दुपारी दोननंतर खोलीत उन्हाचे बारीक ठिपके हलत राहायचे.

तक्त्याच्या बाबतीत ते त्याहून हट्टी होते. एका वेळी पडद्यावर दहा ओळींपेक्षा जास्त नकोत. नुसता लाल आणि हिरवा रंग चालणार नाही. आमच्या एका औषध निर्मात्याला ते दोन रंग सारखे दिसायचे आणि त्यानं लाजेपोटी कधी सांगितलं नव्हतं. ते भाऊंनी ओळखलं. तेव्हापासून रंगावर ‘झालं’ आणि ‘राहिलं’ असे शब्द आले. पडदा लावण्याआधी बाकीच्या सगळ्या फायली बंद करायच्या, हा नियम आला तो एका डॉक्टरसाहेबांमुळे. त्यांनी लसीकरणाच्या तक्त्याऐवजी मुलीचा लग्नाचा बायोडाटा सगळ्या तालुक्याला दाखवला. उंची, रंग, अपेक्षा, सगळं. मागून अठराव्या खुर्चीवरून आवाज आला, "साहेब, अक्षर मस्त मोठं हाये. असंच ठेवत जा." पुढच्या आठवड्यात त्यांना दोन स्थळं सांगून आली.

आणि तो फोन. बऱ्याच सिस्टर व्हीसीला मोबाइलवरूनच बसतात. कुणी गावाबाहेर रेंज मिळते तिथं झाडाखाली उभी, कुणी लसीचा डबा खांद्याला लावून दुचाकीवर टेकलेली. भाऊंनी तडा गेलेला एक स्वस्तातला फोन केवळ यासाठी बाळगला होता. इकडे मी तक्ता लावला की ते फोन घेऊन कार्यालयाच्या पायऱ्यांवर उन्हात जाऊन उभे राहत. मे महिन्यातही. घामाघूम होऊन परत येत आणि म्हणत, "नाही दिसत." मी म्हणायची, "भाऊ, टीव्हीवर तर स्वच्छ दिसतंय." ते म्हणायचे, "टीव्ही पुढचा माणूस हाये मॅडम. बुढी आता फोनमध्ये बसली."

पण सगळ्यात जास्त वैताग आणायची ती त्यांची वाचून दाखवण्याची सक्ती. व्हीसीत कुणालाही विचारा, "पडदा दिसतोय का?" सगळे एका सुरात म्हणतात, "हो सर, दिसतोय." ज्याचा फोन काळा पडलाय तोही म्हणतो. भाऊ हे मान्य करत नसत. ते माइकजवळ येऊन एका केंद्राचं नाव घेत आणि म्हणत, "हो म्हणू नका, वाचून दाखवा. शेवटची ओळ." मग ती सिस्टर अडखळत वाचायची, किंवा कबूल करायची की दिसत नाही. यात दर वेळी पाच-सात मिनिटं जायची. डॉक्टर मंडळी आपसात त्यांना ‘पहिलीचे गुरुजी’ म्हणत. भाऊंना ते माहीत होतं.

त्या पाच-सात मिनिटांचा मला त्रास व्हायचा. मी कामाच्या याद्या करणारी बाई. सकाळी वही उघडायची, संध्याकाळपर्यंत सगळ्या ओळींवर रेघ मारायची. व्हीसीत माझी केंद्रं वेळेत संपली पाहिजेत. म्हणून हळूहळू माउस मी माझ्याकडे घेतला. कागदोपत्री पडदा भाऊंचा, हात माझा. भाऊ अठराव्या खुर्चीवर बसून राहिले.

आमचा खरा वाद एकाच गोष्टीवरून होता. जोखमीच्या गरोदर बायांची यादी असते. रक्त कमी, आधीचं सिझर, झटके, असं ज्यांचं काही आहे त्या. एकेका बाईमागे वीस-बावीस रकाने. भाऊंचं म्हणणं, एका बाईला एक पान द्या. वर नाव मोठ्या अक्षरात, खाली तिची माहिती. पान उलटलं की दुसरी बाई.

"भाऊ, तेवढी पानं उलटायला संध्याकाळ होईल."

"होऊ द्या ना. नऊ महिने तिनं काढले, आपुन एक मिनिट नाही काढू शकत?"

"असं बोलायला बरं वाटतं."

"मंग कमीत कमी नाव तं जाऊ देऊ नका. तुम्ही पडदा उजवीकडे सरकवता का नाव डावीकडून निघून जाते. मंग नुसतीच ओळ राहते. कोनाची हाये, काय समजते?"

नावाचा रकाना जागच्या जागी गोठवून ठेवायची सोय असते. दोन बटणांचं काम. पण तसं केलं की पडद्यावर बाकीचे रकाने कमी मावतात, पुन्हा पुन्हा सरकवावं लागतं. म्हणून मी ते करत नव्हते. ओळी मला पाठ होत्या.

त्या मंगळवारी आठ केंद्रं झाली होती, सहा उरली होती. एक सिस्टर फोनवर होती. शेताच्या बांधावर उभी, वाऱ्यानं आवाज फाटत होता. तिच्या उपकेंद्राच्या दोन बाया यादीत एकाखाली एक होत्या, दोघी एकाच गावच्या. मी पडदा पार उजवीकडे, शेवटच्या रकान्यापर्यंत सरकवलेला. वरच्या बाईचं संपवून मी खालच्या ओळीवर आले असं मला वाटलं.

"हिचं काय झालं सिस्टर?"

"भरती केली मॅडम, कालच."

मागून भाऊंचा आवाज आला. "मॅडम, नाव गेलं."

"हो भाऊ."

"नाव गेलं ना मॅडम. कोनाचं इचारून राह्यले तुम्ही?"

"भाऊ, अजून सहा केंद्रं आहेत," मी म्हटलं आणि ‘दाखल’ असं टंकलं. खोलीत कोणीतरी हसलं. भाऊ अर्धवट उठले होते, ते परत बसले.

ओळ एकानं चुकली होती, मी अजून वरच्याच ओळीवर होते. सिस्टर जिच्याबद्दल बोलत होती ती बाई दाखल झालेलीच होती. जिच्यापुढे मी ‘दाखल’ लिहिलं तिला घेण्यासाठी गुरुवारी गाडी जायची होती. यादीत दाखल दिसल्यावर ती गाडी दुसऱ्या गावाला पाठवली गेली. शनिवारी ती घरीच बाळंत झाली. तिला कसंबसं यवतमाळला नेलं, रक्त चढवलं, ती वाचली. मूल वाचलं नाही.

मी नंतर एकदा त्या गावाला गेले. त्याबद्दल लिहिणार नाही.

चौकशी झाली. सिस्टरला विचारलं, तू चुकीची माहिती का दिलीस? ती एवढंच म्हणत राहिली, "मले फोनात नाव नव्हतं दिसत जी, मॅडमनं विचारलं तसं सांगतलं." हे कोणी लिहून घेतलं नाही. पडदा कोणाच्या ताब्यात होता, हा दुसरा प्रश्न. कागदोपत्री भाऊंच्या. त्यांना कारणे दाखवा नोटीस निघाली. टंकायला ती माझ्याच टेबलावर आली. मी टंकली.

भाऊंचं उत्तर चार ओळींचं होतं. ‘व्हीसीचा पडदा माझ्या ताब्यात होता. नाव पडद्याबाहेर गेल्याचे मला दिसले होते. मी ते थांबवायला पाहिजे होते. थांबवले नाही.’

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तेच मला सहन होईना. जिन्याखाली गाठून मी त्यांना म्हटलं, "भाऊ, असं कायले लिहिलं तुम्ही? माउस माझ्या हातात होता." मी एरवी वऱ्हाडी बोलत नाही. त्या दिवशी तोंडातून निघालं.

ते डबा पुसत होते. "तुमाले दिसलं होतं का मॅडम, नाव गेलेलं?"

"नाही."

"मले दिसलं होतं. ज्याले दिसलं त्यानं मशीन बंद कराले पाह्यजे. मी नुसतं सांगतलं. गाडीवर असतो तं उठून बंदच केली असती. इथी साहेब लोक बसले होते म्हणून बसून राह्यलो." मग डब्याचं झाकण लावून म्हणाले, "तुम्ही तुमचं पाहा. तुमची बढतीची फाईल वर गेली म्हणे."

गेली होती. मी माझं पाहिलं. भाऊंना ताकीद मिळाली, व्हीसीचं काम काढून घेतलं, आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. सिस्टरला दूरच्या उपकेंद्राला पाठवलं. मला बढती मिळाली, याच कार्यालयात. पहिल्याच दिवशी मी नावाचा रकाना गोठवला. एका बाईला एक पान केलं. जिल्ह्याच्या बैठकीत त्याचं कौतुक झालं तेव्हा कोणाची कल्पना, असं कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आवक-जावकला आल्यावरही भाऊंची सवय गेली नाही. पाकिटांवरचे पत्ते ते हात लांब करून वाचायचे आणि बारीक अक्षरात लिहिणाऱ्यांना बोलावून घ्यायचे. मंगळवारी मात्र व्हीसीच्या खोलीकडे फिरकत नसत. दाराबाहेरून जाताना पावलं जलद पडायची. निवृत्तीला महिना उरला असताना ते माझ्या टेबलाशी आले. इकडचं तिकडचं बोलले. मग हळूच विचारलं, "मॅडम, थे ताकीद सेवापुस्तकात लाल शाईनंच लिहितात का?"

"नाही भाऊ. निळ्यानंच."

"बरं झालं," ते म्हणाले. "पोट्टी विचारत होती, बाबा तुमचं पुस्तक दाखवा. तिच्या नवऱ्यालेही पाहाचं होतं."

त्या संध्याकाळी मी वहीत लिहिलं, ‘भाऊंचं लेखी देणे.’ माझ्या वहीतलं काम फार तर आठवडाभर राहतं. नवीन वर्षाची वही आणली की उरलेलं काही पुढे घ्यावं लागत नाही. ही एकच ओळ मी पुढच्या वहीत उतरवली. मग त्याच्या पुढच्या. भाऊ निवृत्त झाले, गावी गेले. दिवाळीला त्यांचा फोन यायचा. प्रत्येक वेळी विचारायचे, "खिडकीचा पडदा हाये ना अजून?" मी सांगायची, आहे. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं की लेखी देते आहे. द्यायचंच होतं, म्हणून सांगत नव्हते. दिल्यावरच सांगू.

मागच्या महिन्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेले. सकाळी ती चहाला उठवायला गेली तर उठले नाहीत.

नवीन साहेबांनी भाऊंना पाहिलेलं नव्हतं, पण माणूस भला आहे. मंगळवारच्या व्हीसीत सुरुवातीची पाच मिनिटं श्रद्धांजलीला ठेवली. सोमवारी मी जबाब लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवला. सही, तारीख, सगळं. साहेबांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "मॅडम, आता याची गरज आहे का? ते तर गेले."

"सेवापुस्तक आहे ना साहेब अजून," मी म्हटलं. "आणि सिस्टर आहे."

मंगळवारी अर्धा तास आधी खोलीत गेले. आता पडदा लावणारी कंत्राटी मुलगी आहे, चटपटीत आहे. तिनं भाऊंचा फोटो लावला. पडद्याच्या कोपऱ्यात, बोटभर. चारी बाजूंनी फायलींची नावं. मी अठराव्या खुर्चीवर जाऊन बसले, चष्मा काढला. भाऊ ओळखू येत नव्हते.

"फोटो मोठा कर गं. बाकीचं सगळं बंद कर."

"मॅडम, इथून तर चांगला दिसतोय."

"मागून बघून जा एकदा."

ती मागे आली, पाहिलं, परत जाऊन फोटो मोठा केला. मग मी माझं पान तिच्याकडे दिलं आणि फोन घेऊन पायऱ्यांवर उन्हात गेले. फोनला तडा नव्हता, तेवढाच फरक. अक्षर दिसलं नाही. परत आत येऊन मोठं करून घेतलं. पुन्हा बाहेर गेले. तिसऱ्या वेळी दिसलं.

व्हीसी सुरू झाली. साहेब बोलले. दोन मिनिटं शांतता झाली. त्यातही कोणाचा तरी माइक सुरू होता, बकरी ओरडत होती. मग साहेब म्हणाले, "मॅडम काही दाखवणार आहेत." पान पडद्यावर आलं. पाच ओळी, दुसरं काही नाही.

मी माइकजवळ गेले. "सगळ्यांना पडदा दिसतोय का?"

"हो मॅडम," सगळे म्हणाले.

"हो म्हणू नका," मी म्हटलं आणि त्या दूरच्या उपकेंद्राचं नाव घेतलं. "सिस्टर, वाचून दाखवा."

तिच्या चौकटीत आधी नुसतं छत दिसत होतं. मग तिचा चेहरा आला. केस बरेच पांढरे झालेत. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"त्या मंगळवारी... माउस माझ्या हातात होता," तिनं वाचलं. शाळेतल्या मुलीसारखं, एकेक शब्द सुटा. "भाऊंनी दोनदा सांगितलं... नाव गेलं. मी थांबले नाही. ओळ मी चुकले."

इथं ती थांबली. नेटवर्क गेलं असं मला वाटलं. पण पडदा फाटलेला नव्हता, तिच्या मागचा पंखा फिरत होता.

"शेवटची ओळ, सिस्टर."

"सिस्टरनं दिलेलं उत्तर बरोबर होतं," तिनं वाचलं.

साहेबांनी पुढचा विषय घेण्यासाठी कागद उचलला होता, तो तसाच धरून ठेवला. कारण ती अजून पडद्याकडेच पाहत होती, आणि कोणी सांगितलं नसताना तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली.